साइड

माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तिसऱ्या दिवशी एक गोष्ट करायला लावतो. वागळे इस्टेटच्या आतल्या रस्त्यावर, कारखान्यांची गर्दी नसते अशा वेळी, गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं, काच पूर्ण खाली करायची आणि उजवा हात बाहेर काढायचा. मग हाताच्या खुणा. तळवा जमिनीकडे ठेवून हात वर-खाली हलवला की मागच्याला सांगितलं, मी वेग कमी करतोय. कोपरातून हात उभा केला की मी थांबतोय. आणि हात मागून पुढे, पुढून मागे अर्धगोलात फिरवला की तू माझ्या पुढे जाऊ शकतोस. रस्त्याच्या नियमांत या खुणा आजही आहेत. मुलं विचारतात, सर, इंडिकेटर आहे, ब्रेकलाइट आहे, आता हात कोण काढतं? मी म्हणतो, काढा. मग गाडीतून उतरतो, वीस पावलं मागे जाऊन उभा राहतो आणि ओरडून सांगतो, आता 'सावकाश' दाखव. आता 'पुढे जा' दाखव.

मागून दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. वर-खाली आणि मागे-पुढे एवढाच फरक आहे, आणि सरळ मागून बघणाऱ्याला मागे-पुढे कळत नाही. त्याला फक्त हलणारा हात दिसतो.

हे मला कसं माहीत, ते मी मुलांना सांगत नाही. इथे लिहितो.

मी किसननगरचा. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत वागळे इस्टेटला उभी राहिली. माझे वडील त्यानंतर काही वर्षांनी सातारा जिल्ह्यातून इथे आले आणि एका फाउंड्रीत लागले. आमच्या लहानपणी भोंग्यावर घड्याळं लावत. चाळीतली निम्मी माणसं खात्यात, म्हणजे कारखान्यात, आणि उरलेली त्या कारखान्यांच्या जिवावर : चहाची टपरी, भंगार, वेल्डिंग, टेम्पो. मी टेम्पोवर गेलो. आधी तीन वर्षं किन्नर, म्हणजे क्लीनर म्हणून, मग गाडी हातात आली. टाटा ४०७, एमएच ०४. मालक एक, गाड्या चार, आणि भाडी वागळेतल्या मशीनशॉपची : अंबरनाथ, तारापूर, सातपूर, कधी थेट मराठवाडा.

ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या वस्तादांनी मला इंजिनाआधी फाटक शिकवलं. बिनमाणसाचं फाटक आलं की गाडी थांबवायची आणि किन्नरने उतरून रुळापर्यंत चालत जायचं. दोन्ही बाजूंना बघायचं. नुसतं बघायचं नाही, इंजिनाच्या घरघरीपासून लांब उभं राहून ऐकायचं. मग हात करायचा, मग गाडी. मी त्यांना एकदा विचारलं होतं, फाटक रिकामं दिसतंय, उतरून काय करू? त्यांनी गाडी बंद केली, चावी खिशात टाकली आणि मी उतरेपर्यंत विडी ओढत बसले. पुढे पुष्कळ वर्षांनी कळलं की त्यांचा हा हट्ट म्हणजे कायदाच होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १३१ वं कलम हेच सांगतं : पहारा नसलेल्या रेल्वे फाटकावर गाडी थांबवायची, गाडीबरोबरच्या माणसाने चालत पुढे जाऊन आगगाडी येत नाही याची खात्री करायची, आणि बरोबर कोणी नसेल तर चालवणाऱ्याने स्वतः उतरून बघायचं. वस्तादांनी हे कलम कधी वाचलं असेल असं वाटत नाही. त्यांना सही करता येत होती, तेवढंच.

माणूस असलेलं फाटक कसं चालतं, ते मला चाळीतल्या एका काकांनी सांगितलं. ते मध्य रेल्वेत गेटमन होते. रात्रपाळी करून आले की ओट्यावर बसून चहा पीत, आणि मी शेजारी. स्टेशनवरून फोन येतो, गाडी सुटते आहे. काका फाटक बंद करून कुलूप लावतात आणि स्टेशन मास्तरला एक गुप्त आकडा देतात. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. आकडा दोन्हीकडच्या वहीत लिहिला जातो, म्हणजे उद्या कोणी 'मी सांगितलंच होतं' म्हणायला जागा राहत नाही. फाटक सिग्नलला जोडलेलं असेल तर आणखी एक आधार असतो : दांडा खाली येऊन कुलूप बसल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळतच नाही. काकांचं फाटक तसं होतं. सगळीच तशी नसतात, हे ते आवर्जून सांगत.

'आणि गाडी अडकली रुळात तर?' मी विचारायचो. मला तेच पुन्हा पुन्हा ऐकायचं असायचं.

तर काका लाल झेंडी घेऊन पळायचे. ज्या बाजूने गाडी यायची त्या बाजूला. सहाशे मीटरवर रुळावर एक फटाका लावायचा, मग आणखी पळून बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की तो फुटतो आणि ड्रायव्हरला कळतं, पुढे धोका आहे. बाराशे मीटर. म्हणजे किसननगरच्या नाक्यावरून निघून आमच्या शाळेच्याही पुढे. गाडी थांबायला इतकी जागा लागते, हे मला त्या पळण्यावरून समजलं. मोटार ड्रायव्हरला समोरचं दिसलं की ब्रेक दाबता येतो, बाजूला घेता येतं. इंजिनाच्या ड्रायव्हरकडे शिटी आहे आणि ब्रेक आहे. ब्रेक लागल्यावरही शेकडो मीटर तो फक्त बघत असतो.

एवढं सगळं मला माहीत होतं. म्हणून त्या संध्याकाळबद्दल मला 'माहीत नव्हतं' असं म्हणता येत नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. जानेवारी. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या मिलचा गिअर तुटला होता आणि वागळेतल्या एका वर्कशॉपने दोन रात्री जागून नवा कापून दिला होता. ऐन गाळपाचा हंगाम. मिल बंद म्हणजे गव्हाणीसमोर उसाच्या गाड्या उभ्या, ऊस वाळतोय, बैलं खोळंबलेली. मालक म्हणाला, कुठे थांबू नकोस. आम्ही रात्री निघालो : तीन हात नाका, कळवा, मुंब्रा, शिळफाटा, पनवेल, घाट, पुणे, नगर. जामखेडच्या अलीकडे पहाटे दोन तास झोपलो. बरोबर क्लीनर होता, किसननगरचाच, एकोणीस वर्षांचा पोरगा. हुशार. मी वस्तादांकडून जे शिकलो ते त्याला शिकवत होतो.

बीड सोडल्यावर आतला रस्ता लागला. एकेरी डांबर, दोन्ही कडेला मातीची पट्टी. समोरून गाडी आली की दोघांनीही डावी चाकं मातीत उतरवायची. मागून हॉर्न आला की आपण कडेला घ्यायचं, हात बाहेर काढून 'जा' म्हणायचं. याला आम्ही साइड देणं म्हणतो. लोड गाडी सावकाश चालते, मागचे सगळे घाईत. सकाळपासून मी त्याच हाताने पन्नासेक गाड्यांना साइड दिली असेल. जीप, मोटारसायकली, एसटी.

साडेपाचच्या सुमाराला फाटक आलं. कारखाना तिथून दहा-बारा किलोमीटरवर. गावाचं आणि त्या मार्गाचं नाव मी लिहीत नाही. ज्या घरातली माणसं गेली त्या घरावर पुन्हा हे यायला नको. बिनमाणसाचं फाटक. दोन्ही बाजूंना ऊस, तोडणीला आलेला, माणसाच्या डोक्याच्या वर दोन-तीन हात. डावीकडे रूळ वळण घेऊन उसात शिरत होता. तोडणी झाल्यावर त्या फाटकावरून मैलभर दिसत असेल. जानेवारीत दिसत नव्हतं. ज्या हंगामात त्या रस्त्यावर सगळ्यात जास्त वाहनं असतात त्याच हंगामात तिथून रूळ दिसत नाही, हे तेव्हा तिथे उभं राहिल्यावरच माझ्या लक्षात आलं. आजही उसाच्या पट्ट्यातून जाताना मी पिकाची उंची बघतो.

मी गाडी डावीकडे घेतली आणि थांबवली. रुळापासून तीस-चाळीस फुटांवर. क्लीनर उतरला, चालत रुळापर्यंत गेला. इंजिन चालूच होतं, स्टार्टर त्रास देत होता म्हणून मी ते बंद केलं नाही. आरशात एक पांढरी मारुती दिसली. बऱ्यापैकी वेगात होती, मागे धूळ. तिने हॉर्न दिला.

मी हात बाहेर काढला.

इथे मी थांबतो, कारण इथून पुढे मला दोन गोष्टी आठवतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एका आठवणीत माझा तळवा खाली आहे आणि मी हात वर-खाली करतोय : सावकाश, सावकाश. दुसऱ्या आठवणीत हॉर्न ऐकताच सकाळपासूनच्या सवयीने हात आपोआप फिरला आहे. डोक्यात 'थांब' होतं याबद्दल मला शंका नाही. हाताने काय केलं, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मारुतीने उजवा इंडिकेटर लावला, माझ्या बाजूने पुढे आली आणि गेली. काचा वर होत्या. जाताना चालवणाऱ्याने माझ्याकडे बघून मान हलवली. साइड दिल्यावर हलवतात तशी.

त्याच क्षणी रुळाजवळचा क्लीनर आमच्याकडे वळला आणि त्याने हात वर केला. आगगाडीची शिटी मला नंतर ऐकू आली. किंवा आधीच झाली असेल आणि माझ्या इंजिनाच्या आवाजात गेली असेल. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. मारुतीचे ब्रेकलाइट एकदा लागले. पुढची चाकं रुळावर होती. ब्रेक लावायला नको होता असं पुढे कित्येक जण म्हणाले, तसाच निघाला असता तर निसटला असता. असेल. माणूस घाबरल्यावर पाय ब्रेकवरच जातो, मीही तेच केलं असतं.

पॅसेंजर डावीकडून आली. आवाज मोठा नव्हता. पत्र्याचा डबा पायाखाली आल्यासारखा झाला, आणि मग ब्रेकचा आवाज, तो मात्र फार वेळ चालला. गाडी पुढे उसात गेली आणि कुठेतरी लांब थांबली. मारुती रुळाच्या पलीकडे आडवी पडली होती. पुढचा अर्धा भाग नव्हताच म्हणावा असा. मागचा जसाच्या तसा होता, आणि उजवा इंडिकेटर लुकलुकत होता.

आत दोघं. चाळिशीचा माणूस आणि शेजारी त्याची आई. आई जागेवरच गेली होती. तो जिवंत होता. ऊसतोडीची माणसं धावत आली, त्यांनीच दरवाजा उपटला. गाडीचा गार्ड पळत आला, मागून इंजिनाचा ड्रायव्हर. पन्नाशीचा माणूस. तो मारुतीजवळ गेलाच नाही. रुळाच्या खडीवर बसला आणि त्याने पाणी मागितलं. त्याला बाटली द्यायला गेलो तर त्याचे हात थरथरत होते, मलाच त्याच्या तोंडाला लावावी लागली. 'मी शिटी देत होतो,' एवढंच तो म्हणत होता. फाटकाच्या आधी रुळाच्या कडेला 'सी/फा' अशी पाटी असते, सीटी आणि फाटक. तिथून ड्रायव्हरने शिटी वाजवत यायचं असतं. त्याने वाजवली असणार. कोणी त्याच्यावर संशय घेतलाही नव्हता.

जखमीला आम्ही माझ्याच गाडीत घातलं. मागे तो गिअर, साखळीने बांधलेला, त्याच्या बाजूला पोती टाकून जागा केली. क्लीनर मागे बसला, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. मी तालुक्याच्या दवाखान्याकडे गाडी मारली. अर्ध्या रस्त्यात क्लीनरने केबिनवर दोनदा थापटलं. थांबायची खूण. मी थांबलो नाही, दवाखान्यापर्यंत गेलो. काही उपयोग नव्हता.

गिअर रात्री दहाला कारखान्यावर पोचला. तिथल्या माणसांनी पोत्यांवरचं रक्त बघितलं, काही विचारलं नाही, चहा दिला. पहाटे मिल सुरू झाली तेव्हा आम्ही आवारातच गाडीत पडलो होतो. झोप दोघांनाही नव्हती. तोंडातून शब्दही नव्हता.

दुसऱ्या दिवशी जबाब झाला. हवालदार सभ्य होता. त्याने विचारलं, तुम्ही इशारा केला होता का? मी म्हणालो, हो, हात दाखवला. त्याने लिहिलं, वाचून दाखवलं : 'मी हाताने थांबण्याचा इशारा केला असतानाही सदर इसमाने दुर्लक्ष करून वाहन निष्काळजीपणे पुढे नेले.' मी सही केली. त्या वाक्यातल्या 'थांबण्याचा' या शब्दावर बोट ठेवून मी म्हणायला हवं होतं की साहेब, हे मला नक्की सांगता येत नाही. म्हणालो नाही. मी भ्यालो होतो. दारात त्या माणसाचे भाऊ उभे होते, त्यांच्यासमोर हे बोलण्याची हिंमत झाली नाही. रेल्वे कायद्याच्या १६१ व्या कलमात बिनपहाऱ्याच्या फाटकावर निष्काळजीपणे गाडी नेणाऱ्याला एक वर्षापर्यंतची शिक्षा आहे. शिक्षा भोगायला माणूस उरला नव्हता, पण निष्काळजी हा शिक्का त्याच्या नावावर बसला. माझ्या सहीने बसला.

मी टेम्पो चालवत राहिलो. ठाण्यात असलो की कळवा, विटावा, खारेगावची भाडी असायची, आणि खारेगावचं फाटक म्हणजे रोजचा खोळंबा. एकीकडे लोकल, लांबच्या गाड्या, मालगाड्या. दुसरीकडे रिक्षा, टँकर, शाळेच्या व्हॅन, बायका, पोरं. दांडा खाली आला की मोटारी थांबत, माणसं थांबत नसत. दांड्याखालून वाकून जात. हातात दुधाची पिशवी, कानाला फोन. मी इंजिन बंद करून बसायचो. मागचे हॉर्न वाजवत, आणि मी हात बाहेर काढत नसे. मागच्याला वाटेल ते वाटू दे. त्या दिवसापासून मी हाताने कोणाला साइड दिलेली नाही.

३ फेब्रुवारी २००५ ला नागपूरजवळ कन्हानला लग्नाच्या वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली बिनपहाऱ्याच्या फाटकावर पॅसेंजरखाली सापडली. पन्नासहून जास्त माणसं गेली, बायका आणि लहान मुलं कितीतरी. मी ती बातमी वागळे डेपोजवळच्या टपरीवर वाचली. सगळे आकड्याबद्दल बोलत होते. मी विचार करत होतो की ट्रॅक्टरवर क्लीनर नसतो. ट्रॉलीत बसलेल्यांपैकी कोणी उतरून चालत पुढे जायचं म्हटलं तर ती नवे कपडे घातलेली, हसणारी, गाणी म्हणणारी माणसं, कोण उतरणार? कायद्याने सगळा भार एका उतरणाऱ्या माणसावर टाकला होता, आणि कुठल्याच वऱ्हाडात तो माणूस ठरवून नेमलेला नसतो. तिथे नेमकं काय घडलं ते ट्रॅक्टरवरच्यांनाच ठाऊक. मी फक्त माझ्या फाटकावरून बोलतो आहे.

२०१२ साली अनिल काकोडकरांच्या समितीने सांगितलं की पाच वर्षांत देशातली सगळी फाटकं, पहाऱ्याची आणि बिनपहाऱ्याची, काढून टाका, त्याला पन्नास हजार कोटी लागतील. त्याच अहवालात होतं की रूळ ओलांडताना वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास माणसं मरतात, त्यांतली सहा हजारांच्या घरात एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. म्हणजे आमच्या मार्गांवर. २४ जुलै २०१४ ला तेलंगणात मासाईपेटला शाळेची बस नांदेडहून सिकंदराबादला जाणाऱ्या पॅसेंजरसमोर आली आणि डझनावर मुलं गेली. नांदेडची गाडी म्हटल्यावर मला त्या खडीवर बसलेल्या ड्रायव्हरचे हात आठवले.

पण ज्या बातमीने मी खरा हललो ती एप्रिल २०१८ ची. उत्तर प्रदेशात कुशीनगरला शाळेची व्हॅन पॅसेंजरखाली आली, तेरा मुलं गेली. त्या फाटकावर रेल्वेने 'गेट मित्र' म्हणून एक माणूस ठेवलेला होता. त्याने व्हॅनला थांबवण्याचा प्रयत्न केला होता, असं तेव्हा रेल्वेने सांगितलं. मी पेपर खाली ठेवला. त्याने कसा प्रयत्न केला असेल? हात केला असेल. धावला असेल, ओरडला असेल. तो माणूस आज रात्री कसा झोपेल, हे मला माझ्या घरात बसून समजत होतं.

जानेवारी २०१९ च्या अखेरीस रेल्वेने जाहीर केलं की ब्रॉडगेजवरची सगळी बिनपहाऱ्याची फाटकं संपली. ही फार मोठी गोष्ट झाली आणि तिचा पुरेसा आनंद कोणी केला नाही असं मला वाटतं. कुठे पूल झाला, कुठे खालून रस्ता काढला, कुठे गेटमन बसवला. मी त्या दिवशी मारुतीला हार घातला. देवळातल्या मारुतीला. घरी विचारलं, आज काय? मी म्हटलं, असंच.

पहाऱ्याची फाटकं मात्र अजून हजारोंनी आहेत. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेची व्हॅन गाडीखाली आली आणि तीन मुलं गेली, तिथे गेटमन होता. पण ते फाटक सिग्नलला जोडलेलं नव्हतं. चाळीतले काका आता हयात नाहीत. असते तर त्यांनी हेच पहिलं विचारलं असतं : जोडलेलं होतं का?

खारेगावचं फाटक जानेवारी २०२२ मध्ये पूल सुरू झाल्यावर बंद झालं, आणि पुढच्याच महिन्यात ठाणे-दिव्याची पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम स्कूटर घेऊन पुलावर गेलो. वरून रूळ दिसत होते, चार मिनिटांत तीन गाड्या गेल्या, आणि माझ्या छातीत काही धडधडलं नाही. ठाकुर्लीचंही फाटक पूल झाल्यावर गेलं. राहिलं दिव्याचं. तिथे फाटक उघडलं की लोकल अडतात, लोकल सोडल्या की रस्ता अडतो, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांवर चिडतात. खरं तर दोघंही एकाच पुलाची वाट बघत उभी आहेत. मी शिकाऊ मुलांना तिथे नेतो. गाडी मध्ये अडकवून घ्यायची नाही, पुढच्या गाडीला पलीकडे पूर्ण जागा मिळाल्याशिवाय आपलं चाक रुळावर घालायचं नाही, रुळावर असताना गिअर बदलायचा नाही, हे तिथेच शिकवता येतं.

आता क्लीनरबद्दल.

त्या फेरीनंतर महिनाभरात तो टेम्पो सोडून गेला. म्हणाला, आई नको म्हणते. मी अडवलं नाही. पुढे ऐकलं की भिवंडीला गोदामात लागला, मग स्वतःची गाडी घेतली, मग दोन. रस्त्यात कधी दिसला तर लांबून हात करायचा. मी मान हलवायचो. आमच्यात भांडण नव्हतं. फक्त एकमेकांसमोर बसायला नको वाटायचं.

गेल्या वर्षी त्याची मुलगी माझ्याकडे गाडी शिकायला आली. तिने बापाचं नाव सांगितलं तेव्हा मी अर्ज तोंडासमोर धरला, तिला दिसू नये माझा चेहरा म्हणून. तिसऱ्या दिवशी तिलाही खुणा शिकवल्या. घरी जाऊन तिने बापाला दाखवल्या असणार, कारण रविवारी सकाळी तो आला. केस पांढरे झालेत. आम्ही रायलादेवी तलावाच्या कठड्यावर बसलो, चहा मागवला.

'वस्ताद,' तो म्हणाला, 'पोरीला हात शिकवता?'

'शिकवतो.'

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग पाण्याकडे बघत म्हणाला, 'त्या दिवशी मी हात केला ना. तुम्ही मला शिकवलं होतं, लाइन मोकळी असली की हात करायचा. त्याला वाटलं असणार, पोरगा हात करतोय म्हणजे मोकळं आहे. मी दोन्ही हात आडवे करायला हवे होते. एकच केला. माझ्यामुळे गेला तो. मांडीवर होता माझ्या. विचारत होता, आई कशी आहे. मी सांगितलं, बरी आहे.'

इतकी वर्षं. मी माझ्या किसननगरच्या खोलीत आणि तो त्याच्या भिवंडीच्या घरात, एकच ओझं दोघांनी वेगवेगळं वाहिलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं ते पूर्ण आपलंच आहे. मी त्याला जबाबाचं सांगितलं. त्या मान हलवण्याचं सांगितलं, तो तेव्हा पुढे होता, त्याने ते बघितलंच नव्हतं. म्हणालो, तू हात केलास त्याआधीच तो माझ्या पुढे निघाला होता. तुझा हात त्याने बघितलाही नसेल.

त्याला ते पटलं नाही. कठड्यावरून उठला, दहा पावलं लांब गेला आणि त्याने मला दाखवलं, कसा केला होता. उजवा हात, सरळ वर, पंजा उघडा. तो 'थांब'च होता. कुठूनही बघा, 'थांब'च. मी तसं ओरडून सांगितलं. फिरायला आलेली दोन माणसं थांबून बघायला लागली.

तो परत येऊन बसला. मग मी वळलो, त्याच्याकडे पाठ केली, गाडीत बसल्यासारखा उजवा हात बाहेर काढला आणि जसा आठवतो तसा हलवला.

मागून काही आवाज आला नाही. मी हात तसाच ठेवून थांबलो.

'पुन्हा करा, वस्ताद,' तो म्हणाला.